ज्या गावानं लष्कराला बाहेर काढलं: ग्वाटेमालातल्या सांतियागो अतितलानची गोष्ट

माया म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जंगलात हरवलेले पिरॅमिड, दगडात कोरलेली दिनदर्शिका आणि '२०१२ मध्ये जग बुडणार' म्हणून फिरलेले मेसेज. जग काही बुडालं नाही. पण त्या गदारोळात एक समज मात्र डोक्यात पक्का बसला. माया लोक कधीच संपले, आता उरलेत ते फक्त त्यांचे अवशेष.

हे खरं नाही. मध्य अमेरिकेतला ग्वाटेमाला हा देश आकारानं महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. २०१८ च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या होती जवळपास दीड कोटी आणि त्यातल्या सुमारे ४२ टक्के लोकांनी स्वतःची नोंद 'माया' अशी केली. म्हणजे साठ लाखांहून जास्त माणसं. या देशात २२ माया भाषांना कायद्यानं मान्यता आहे. लोक त्या घरात बोलतात, बाजारात बोलतात, रेडिओवर ऐकतात.

यातलीच एक भाषा बोलणारं गाव म्हणजे सांतियागो अतितलान. डोंगराळ भागातलं, तळ्याकाठचं. जगाच्या नकाशावर शोधावं लागेल असं. पण १९९० साली या गावानं जे केलं, ते ग्वाटेमालात तोवर कुणाला जमलं नव्हतं. गावात ठाण मांडून बसलेल्या लष्कराला त्यांनी हत्याराविना बाहेर काढलं.

हे कसं घडलं आणि त्याची किंमत काय होती, हे समजून घ्यायचं तर सुरुवात तळ्यापासून करावी लागते.

तीन ज्वालामुखी आणि एक तळं

अतितलान हे तळं एका महाकाय ज्वालामुखीच्या उद्रेकातून तयार झालं. हजारो वर्षांपूर्वी झालेल्या त्या उद्रेकानंतर जमीन खचली, प्रचंड खड्डा पडला आणि त्यात पाणी साचत गेलं. समुद्रसपाटीपासून हे तळं सुमारे १,५०० मीटरहून उंचावर आहे आणि त्याची खोली ३०० मीटरच्या वर जाते. दक्षिण काठावर सान पेद्रो, तोलिमान आणि अतितलान हे तीन ज्वालामुखी उभे आहेत. सान पेद्रो आणि तोलिमान यांच्या मधोमध तळ्याचा एक फाटा आत शिरतो. त्या फाट्याच्या काठी हे गाव वसलंय.

इथले लोक त्सुतुहिल. हे माया समाजातल्या एका गटाचंही नाव आहे आणि त्याच्या भाषेचंही. स्पॅनिश लोक येण्याआधी त्यांची राजधानी समोरच्या काठावर, सान पेद्रो ज्वालामुखीच्या पायथ्याशी एका टेकडीवर होती. तिचं नाव चिया. तळ्याच्या आसपास काकचिकेल आणि किचे ही दुसरी माया राज्यं होती आणि या तिघांचं आपसात पटत नव्हतं. जमीन, व्यापाराच्या वाटा आणि खाली समुद्राकडच्या भागातला कोको यावरून त्यांच्यात लढाया व्हायच्या.

१५२४ मध्ये पेद्रो दे अल्वारादो हा स्पॅनिश सरदार इथवर पोचला. त्यानं या भांडणाचाच फायदा उठवला. आधी काकचिकेलांना सोबत घेऊन किचे राज्य मोडलं, मग काकचिकेलांच्याच मदतीनं त्सुतुहिलांवर चाल केली. त्सुतुहिल हरले. पुढे काकचिकेलांनाही स्पॅनिशांच्या जुलमाविरुद्ध बंड करावं लागलं, पण तोवर उशीर झाला होता.

१५४७ च्या सुमारास फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी जुन्या राजधानीतल्या लोकांना अलीकडच्या काठावर आणून वसवलं. विखुरलेल्या वस्त्या एका जागी आणायच्या, मधोमध चर्च बांधायचं आणि मग कर वसूल करायचा, धर्म शिकवायचा, ही तेव्हाची सरकारी पद्धत होती. गावाला येशूच्या शिष्याचं, म्हणजे संत सांतियागोचं नाव मिळालं. सोळाव्या शतकात बांधलेलं ते चर्च आजही गावाच्या मध्यावर उभं आहे.

टोपी घालणारा, चिरूट ओढणारा देव

लोक ख्रिस्ती झाले. पण आधीचं सगळं सोडून झाले का? तर नाही.

गावात 'रिलाह माम' नावाचं एक दैवत आहे. बाहेरच्यांना ते 'माशिमोन' या नावानं जास्त ठाऊक आहे. लाकडाची मूर्ती, डोक्यावर टोपी, गळ्यात रंगीबेरंगी रुमालांचा ढीग आणि तोंडात चिरूट. भक्त त्याला दारू आणि पैसे वाहतात. तो देवळात राहत नाही. गावात 'कोफ्रादिया' नावाची धार्मिक मंडळं आहेत. त्यातल्या एका मंडळाच्या प्रमुखाच्या घरी तो वर्षभर मुक्कामाला असतो आणि वर्ष संपलं की मुक्काम हलतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात त्याला वाजतगाजत चर्चच्या आवारात आणतात.

चर्चला हे नेहमीच रुचलं असं नाही. १९५० च्या सुमारास एका धर्मगुरूचं आणि माशिमोनच्या भक्तांचं मोठं भांडण झालं. मूर्तीचा मुखवटा चोरीला गेला आणि फिरत फिरत थेट पॅरिसच्या एका संग्रहालयात पोचला. तो गावाला परत मिळाला १९७९ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे या गावाची एक रीत त्यातून दिसते. बाहेरून आलेली गोष्ट हे लोक साफ नाकारत नाहीत. ती घेतात, पण आपल्या अटींवर. १९६० च्या भूकंपात चर्चच्या मुख्य वेदीमागची लाकडी कोरीव चौकट मोडली. ती दुरुस्त करायचं काम गावातल्याच दोन भावांना मिळालं, दिएगो चावेस पेत्सेय आणि निकोलास चावेस सोहुएल. त्यांनी त्यात संतांच्या सोबत पवित्र डोंगर आणि मका कोरला. माया लोकांच्या श्रद्धेत माणूस घडला तो मक्याच्या पिठातून. ख्रिस्ती वेदीवर मका उगवला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

नाण्यावरची बाई

ग्वाटेमालाचं २५ सेंताव्होचं नाणं हातात घेतलं, तर त्यावर एका माया स्त्रीचा चेहरा दिसतो. डोक्याभोवती पट्टी गुंडाळलेली, जणू सूर्याचं कडं. ही या गावातल्या स्त्रियांची 'तोकोयाल' नावाची पारंपरिक पट्टी. अनेक मीटर लांबीची विणलेली पट्टी डोक्याभोवती फेरे घेत घेत गुंडाळायची आणि तिची चपटी चकती तयार होते. आता रोज ती बांधणाऱ्या बायका कमी उरल्यात, बहुतेक म्हाताऱ्याच.

नाण्यावरचा चेहरा काल्पनिक नाही. तो कोन्सेप्सियोन रामिरेस मेंदोसा यांचा. त्या याच गावच्या. त्या तरुण असताना त्यांची निवड झाली आणि १९६० च्या दशकापासून त्यांचा चेहरा देशभर हातोहात फिरत राहिला. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता यातला विरोधाभास बघा. ज्या देशानं माया स्त्रीचा चेहरा अभिमानानं नाण्यावर छापला, त्याच देशाचं लष्कर पुढची काही दशकं माया गावांवर तुटून पडलं.

युद्ध गावात कसं आलं?

ग्वाटेमालात जमीन मोजक्या मोठ्या मळेवाल्यांच्या हातात होती. १९३४ मध्ये होर्हे उबिको या हुकूमशहानं 'भटकेगिरी'विरुद्ध कायदा केला. पुरेशी जमीन नसलेल्या माणसानं वर्षातले ठरावीक दिवस दुसऱ्याच्या शेतावर राबायचंच, नाहीतर तुरुंग. याचा फटका बसला तो मुख्यतः माया शेतकऱ्यांना. १९४४ च्या क्रांतीनंतर हे बदललं. हाकोबो आर्बेन्स या राष्ट्राध्यक्षानं पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली. त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीची जमीनही गेली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सीआयएच्या पाठिंब्यानं आर्बेन्स यांचं सरकार उलथवलं गेलं. १९६० मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि ते ३६ वर्षं चाललं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी गनिमांची एक संघटना अतितलानच्या आसपासच्या ज्वालामुखींच्या उतारांवर वावरू लागली. लष्कराच्या डोळ्यांनी पाहिलं तर आता प्रत्येक गावकरी संशयित होता. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये लष्करानं गावाच्या वेशीवर, पानाबाह नावाच्या वस्तीत तळ ठोकला.

लष्कराच्या नजरेत सगळ्यात आधी कोण आलं असेल? ज्यांना लिहितावाचता येत होतं आणि ज्यांचं लोक ऐकत होते, ते. सहकारी संस्थेचे कार्यकर्ते, साक्षरतेचे वर्ग घेणारे, चर्चमध्ये प्रवचन देणारे. गावात त्सुतुहिल भाषेत बोलणारं 'ला व्होस दे अतितलान', म्हणजे 'अतितलानचा आवाज' नावाचं रेडिओ केंद्र होतं. तळ पडला त्याच महिन्यात त्याच्या संचालकाला उचलून नेलं.

गावात स्टॅनली रोदर नावाचे अमेरिकी धर्मगुरू होते. ओक्लाहोमा राज्यातल्या शेतकरी घरातला हा माणूस. धर्मगुरूचं शिक्षण घेताना लॅटिन जमेना म्हणून एकदा त्यांना घरी पाठवलं गेलं होतं. १९६८ मध्ये ते इथे आले आणि त्सुतुहिल मात्र अस्खलित शिकले. ते शेतात राबायचे, यंत्रं दुरुस्त करायचे, गावच्या छोट्या इस्पितळाच्या कामात हातभार लावायचे. 'स्टॅनली' म्हणायला अवघड म्हणून लोक त्यांना त्यांच्या मधल्या नावावरून, फ्रान्सिसवरून, त्सुतुहिल वळणाचं 'आप्लास' म्हणायचे.

१९८१ च्या सुरुवातीला कळलं की मारायच्या लोकांच्या यादीत त्यांचंही नाव आहे. ते अमेरिकेत गेले, पण ईस्टरच्या सुमारास परत आले. संकट दिसताच मेंढपाळानं कळप सोडून पळायचं नसतं, अशी त्यांची भूमिका होती. २८ जुलै १९८१ च्या रात्री मारेकरी घरात शिरले आणि त्यांना गोळ्या घातल्या. पार्थिव अमेरिकेला गेलं, पण गावकऱ्यांनी एक मागणी केली. त्यांचं हृदय गावात राहू द्या. ते आजही तिथल्या चर्चमध्ये आहे. २०१७ मध्ये कॅथलिक चर्चनं त्यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे.

रोदर यांचं नाव जगाला कळलं, कारण ते अमेरिकी होते. पण १९८० ते १९९० या काळात गावातले शेकडो त्सुतुहिल मारले गेले किंवा बेपत्ता झाले. त्यातल्या बहुतेकांची नावं गावाबाहेर कुणालाच माहीत नाहीत. १९८९ मध्ये हुआन सिसाय या नावाजलेल्या त्सुतुहिल चित्रकाराचाही खून झाला.

२ डिसेंबर १९९०: ती रात्र

दहा वर्षं हे असं चाललं. मग १ डिसेंबरच्या रात्री ठिणगी पडली.

झालं असं की तळावरचे काही सैनिक दारू पिऊन गावात फिरत होते. त्यांनी एका घरात शिरायचा प्रयत्न केला. घरच्यांनी आरडाओरडा केला आणि शेजारीपाजारी बाहेर आले. एरवी लोक अशा वेळी दारं लावून घ्यायचे. त्या रात्री नाही लावली. कुणीतरी चर्चच्या घंटा वाजवल्या आणि बघता बघता हजारो माणसं चौकात जमली.

ठरलं असं की थेट तळावर जायचं आणि अधिकाऱ्यांना जाब विचारायचा. गावचे महापौर आणि नुकतेच निवडून आलेले नवे महापौर दोघंही पुढे होते. लोकांच्या हातात पांढरे झेंडे होते, हत्यार नव्हतं. मध्यरात्रीनंतर जमाव पानाबाहच्या तळापाशी पोचला. बोलणं धड सुरूही झालं नाही तोच सैनिकांनी गोळीबार केला.

त्यात १३ जण गेले. काही नोंदींत हा आकडा १४ आहे. मेलेल्यांत लहान मुलंही होती. कित्येक जण जखमी झाले.

याआधीची हत्याकांडं दडपली गेली होती. हे का दडपता आलं नाही? तीन कारणं दिसतात.

एक, काळ बदलला होता. १९८६ पासून देशात निवडून आलेलं सरकार होतं आणि नव्या राज्यघटनेनं मानवाधिकार आयुक्ताचं पद तयार केलं होतं. त्या पदावर होते रामिरो दे लेओन कार्पियो. त्यांनी या गोळीबाराला लष्करच जबाबदार असल्याचं उघड सांगितलं. हेच पुढे १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

दोन, पत्रकार लगेच पोचले. तळ्याकाठची गावं पर्यटकांच्या वाटेवरची. इथली बातमी दूरच्या डोंगरातल्या वस्तीसारखी दाबून टाकणं सोपं नव्हतं.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाव पांगलं नाही. लोकांनी बदला घेतला नाही, तळ जाळला नाही. त्यांनी एक मागणीपत्र लिहिलं: लष्करानं इथून कायमचं जावं. त्यावर हजारो लोकांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले.

२० डिसेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, लष्करानं तळ हलवला. युद्धकाळात एखाद्या गावानं लष्कराला असं माघारी पाठवल्याची ही पहिली घटना मानली जाते. त्यानंतर गावानं स्वतःची सुरक्षा समिती नेमली आणि लोक पाळीपाळीनं रात्रीची गस्त घालू लागले.

देशातलं युद्ध संपायला १९९६ चा डिसेंबर उजाडला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या आयोगानं हिशेब मांडला. दोन लाखांहून जास्त लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. ज्यांची ओळख पटली त्यातले ८३ टक्के माया होते. अत्याचाराच्या ९३ टक्के घटनांना सरकारी फौजा आणि त्यांच्याशी संबंधित टोळ्या जबाबदार होत्या.

मग डोंगर कोसळला

गोष्ट इथे संपली असती तर 'सत्याचा विजय' म्हणून शेअर करायला सोपी होती. पण तसं झालं नाही.

२००५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅन नावाचं चक्रीवादळ आलं. कित्येक दिवस पाऊस थांबला नाही. ५ ऑक्टोबरच्या पहाटे, लोक झोपेत असताना, तोलिमान ज्वालामुखीच्या उतारावरून चिखल आणि दगडांचा लोंढा खाली आला. त्याखाली गाडली गेली पानाबाहची वस्ती. होय, तीच, जिथे पंधरा वर्षांपूर्वी तळ होता. माळीण आठवणाऱ्या मराठी वाचकाला त्या पहाटेचं चित्र वेगळं सांगायला नको. शेकडो माणसं गेली. चिखल इतका खोल होता की शोध थांबवून ती जागाच सामूहिक दफनभूमी घोषित करावी लागली.

बचावासाठी सैनिक आले. गावकऱ्यांनी त्यांना परत पाठवलं.

हे वाचून पहिल्यांदा धक्का बसतो. चिखलाखाली आपली माणसं आहेत, हातात फक्त कुदळ-फावडी आहेत आणि मदतीला आलेल्यांना 'नको' म्हणायचं? पण मागच्या वेळी हाच गणवेश याच जागेवर काय करून गेला होता, ते लोक विसरले नव्हते. हातात फावडं असलं तरी अंगावरचा गणवेश तोच होता.

आपत्ती आली की सरकारकडे मनुष्यबळ असतं, वाहनं असतात, यंत्रं असतात. पण ही सगळी साधनं लोकांपर्यंत पोचतात ती विश्वासाच्या वाटेनं. ती वाट एकदा उखडली की आणीबाणीच्या क्षणी घाईघाईनं बांधता येत नाही. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती, शांतता करारावर सह्या झाल्या होत्या, पण पानाबाहसाठी त्या रात्रीची किंमत अजून फिटलेली नव्हती.

गावच्या त्या छोट्या इस्पितळाचं नशीबही असंच. हिंसाचारामुळे १९९० मध्ये ते बंद पडलं होतं. गावकऱ्यांनी खटपट करून २००५ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा सुरू केलं आणि सहा महिन्यांत त्याची इमारत चिखलात गेली. मग डॉक्टरांनी दुसऱ्या जागेत काम चालू ठेवलं आणि पुढे नवी इमारत उभी राहिली. वाचलेल्या कुटुंबांसाठी चुक मुक नावाच्या जागी नवी वसाहत बांधायचं ठरलं. पाया खोदताना तिथे जुन्या माया वस्तीचे अवशेष सापडले. ज्यांना जग 'लुप्त' समजतं, त्यांचे वंशज घर बांधताना आपल्याच पूर्वजांच्या घरांवर येऊन थबकले.

आज काय?

आज सांतियागो अतितलानला जायचं तर तळ्यापलीकडच्या पानाहाचेल गावातून बोट मिळते. धक्क्यावर उतरलं की भरतकाम केलेले कपडे विकणाऱ्या बायका भेटतात आणि माशिमोन दाखवायला नेणारी पोरं मागे लागतात. बाजारात त्सुतुहिल कानावर पडते. बहुतेक पर्यटक मूर्तीसोबत फोटो काढतात आणि दुपारच्या बोटीनं परत जातात.

गावाच्या कडेला, पानाबाहमध्ये, 'शांतता उद्यान' आहे. त्या रात्री जिथे माणसं पडली, तिथे त्यांची स्मृतिचिन्हं आहेत. दरवर्षी २ डिसेंबरला गाव तिथे जमतं, प्रार्थना होते, नावं घेतली जातात. त्या रात्रीनंतर जन्मलेली पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. लष्कराचा तळ तिनं पाहिलेला नाही. तो का नाही, हे तिला दरवर्षी या दिवशी सांगितलं जातं.